खारेपाटांतील भात आणि वनस्पतिशास्त्राचा अभ्यास

शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं घरोघर एकच विचार सुरू होतो: मुलानें आतां पुढें काय शिकावें? वैद्यक, स्थापत्य, कायदा, हिशेबनिशी, संगणक अशीं नांवें एकामागून एक घेतलीं जातात. परंतु शेतकीचें किंवा वनस्पतिशास्त्राचें नांव निघालें कीं वडील मंडळी बहुधा स्तब्ध बसतात. "शेतच करावयाचें होतें, तर इतकीं वर्षें शाळेंत कशाला घातलें?" असा त्यांचा प्रश्न असतो. आम्हांस हा प्रश्न रास्त वाटतो. ज्यांनीं गुडघाभर चिखलांत उभें राहून लावणी केली, त्यांनीं आपल्या मुलास त्या चिखलांतून बाहेर काढण्याची इच्छा धरावी, यांत नवल नाहीं व दोषही नाहीं. म्हणून त्यांस उपदेश करण्याऐवजीं एका विषयाची माहिती देण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा विषय दूरदेशचा नाहीं. आपल्याच रायगडच्या किनाऱ्यावर खाऱ्या जमिनींत भात कसें पिकतें, त्यासाठीं कोणती विद्या लागते, आणि ती विद्या शिकणाऱ्याच्या वांट्यास कसलें आयुष्य येतें, एवढेंच सांगावयाचें आहे. निर्णय वाचकांनींच करावा.

खारेपाटाची रचना

धरमतरची खाडी, पाताळगंगा, अंबा व कुंडलिका या नद्यांचीं मुखें आणि राजपुरीची खाडी यांच्या काठीं जी सखल जमीन पसरली आहे, तीस आपण खार किंवा खारेपाट म्हणतों. ही जमीन निसर्गानें शेतीसाठीं तयार करून दिलेली नव्हे. एके काळीं दर भरतीस तिच्यावर समुद्राचें पाणी चढत असे व तेथें तिवरांचें रान माजलेलें असे. आपल्या पूर्वजांनीं मातीचे बांध घालून समुद्रास मागें सारलें, आणि त्या बांधांत ठिकठिकाणीं उघाड्या ठेविल्या. उघाडीची रचना साधी, पण मोठी हिकमती आहे. भरतीचें पाणी बाहेरून दाब देऊं लागलें कीं तिची झडप मिटते. ओहोटी लागली कीं आंत सांचलेल्या पावसाच्या पाण्याच्या दाबानें ती उघडते व शेतांतील पाणी खाडींत निघून जातें. समुद्रास आंत येण्याची बंदी आणि शेताच्या पाण्यास बाहेर जाण्याची मोकळीक, असा हा दुहेरी बंदोबस्त आहे.

हा बंदोबस्त किती नाजूक आहे हें खारेपाटांतील मुलांस सांगावयास नको. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत बांधास एक खांड पडली, तरी आंतील शेतांत खारें पाणी शिरतें, आणि त्या एका दिवसाचा दंड पुढें कित्येक हंगाम भरावा लागतो. खांड वेळेवर बुजली नाहीं तर शेतकरी हळूहळू ती जमीन सोडून देतो, आणि कांहीं वर्षांत तेथें पुन्हां तिवरें उभीं राहतात.

या जमिनीसाठीं माणसांनीं केवळ समुद्राशींच झुंज दिली असें नाहीं. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यांतील चरी येथील शेतकऱ्यांनीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं खोतीविरुद्ध संप केला आणि शेतें ओस ठेवून उपासमार सोसली. पुढें १९४८ सालीं मुंबई इलाख्यांत खार जमिनींविषयीं स्वतंत्र कायदा झाला, व महाराष्ट्र राज्यानें १९७९ सालीं त्यासंबंधीं नवा कायदा केला. जी जमीन इतक्या कष्टांनीं मिळविली व राखिली, ती पुढील पिढीच्या हातून अज्ञानामुळें जाऊं नये, हा आमच्या लेखाचा खरा हेतु आहे.

मीठ पिकास काय करतें

आतां थोडें शास्त्र पाहूं. कैरीच्या फोडींस मीठ चोळून ठेविलें तर थोड्या वेळानें त्यांस पाणी सुटतें, हें प्रत्येक मुलानें घरीं पाहिलेलें असतें. फोडीच्या आंतील रसापेक्षां बाहेरचें पाणी अधिक खारट झालें म्हणून आंतील पाणी बाहेर ओढलें गेलें. शेतांतही हाच नियम चालतो. मुळाच्या आंतील रसापेक्षां मातींतील पाणी पातळ असेल तोंवर मूळ पाणी शोषून घेतें. मातींतील पाण्यांत मीठ वाढलें कीं हें शोषण मंदावतें. रोप पाण्यांत उभें असूनही तहानेनें व्याकूळ होतें.

ही झाली पहिली बाधा. दुसरी बाधा सोडियम या धातूची. तो मुळांतून शिरून रसाबरोबर पानापर्यंत चढतो, तेथें सांचतो, आणि वनस्पतीस अत्यावश्यक असलेल्या पोटॅशियमची जागा बळकावतो. मग पानांचे शेंडे पांढरे पडून वाळूं लागतात. तिसरी बाधा मातीलाच होते. सोडियम वाढला कीं चिकणमातीचे कण एकमेकांस धरून राहत नाहींत. ते सुटे होऊन मातींतील सूक्ष्म छिद्रें बुजवितात, आणि मग पाणी खालीं झिरपत नाहीं.

खारेपणा मोजण्याचें साधनही आहे. खाऱ्या पाण्यांतून वीज अधिक सुलभतेनें वाहते; म्हणून मातीच्या अर्काची विद्युद्वाहकता मोजून तिच्यांतील क्षारांचें प्रमाण ठरवितात. ही वाहकता चार डेसीसीमेन प्रतिमीटरच्या वर गेली कीं ती जमीन खारी समजतात. भात तर तीनच्या पुढेंच त्रास भोगूं लागतें. समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, हें लक्षांत घेतलें म्हणजे फुटलेल्या एका बांधाचा अर्थ काय होतो हें कळेल.

उन्हाळ्यांत खालचें खारें पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून वर चढतें, उन्हानें पाणी उडून जातें आणि मीठ तेवढें मागें राहतें. एप्रिल-मे महिन्यांत शेतावर दिसणारा पांढरा थर तो हाच. जूनपासून पाऊस पडूं लागला कीं हें मीठ विरघळून कांहीं खालीं जातें व कांहीं उघाडीवाटे बाहेर पडतें. म्हणूनच आपल्याकडील मुसळधार पाऊस हा खारेपाटाचा सर्वांत मोठा वैद्य होय. भातास मीठ अधिक बाधतें तें विशेषतः दोन वेळां: रोप कोवळें असतांना आणि फुलोरा येतांना. जुने शेतकरी पहिल्या पावसांनीं जमीन धुऊन निघाल्यावांचून बीं टाकीत नसत, व पुष्कळ ठिकाणीं मोड आलेलें बीं चिखलांत फोकून पेरीत असत. त्यांच्या त्या रिवाजांत हें शास्त्र पुस्तकावांचूनच सामावलेलें होतें. तसेंच फुलोऱ्याच्या वेळीं पावसानें दगा दिला तर दाणे पोचट कां राहतात, याचाही उलगडा यावरून होतो.

राता भातापासून पनवेलच्या वाणांपर्यंत

खारेपाटांत पूर्वापार 'राता' नांवाचें भात पिकत आलें आहे. त्याचा तांदूळ तांबूस. दिसावयास तो बाजारी तांदळासारखा देखणा नाहीं व त्याचें उत्पन्नही बेताचें; परंतु ज्या पाण्यांत इतर भातें माना टाकतात, तेथें तें तग धरून राहतें. अशा देशी भातांतून निवड करून 'काळा राता १-२४' व 'भुरा राता ४-१०' हे शुद्ध वाण शास्त्रज्ञांनीं वेगळे केले. पनवेल येथें खार जमिनीच्या अभ्यासासाठीं स्वतंत्र संशोधन केंद्र आहे, आणि तेथून 'पनवेल-१', 'पनवेल-२' व 'पनवेल-३' हे खारेपणा सोसणारे भाताचे वाण शेतकऱ्यांच्या हातीं आले. हें केंद्र १९७२ सालीं दापोली येथें स्थापन झालेल्या कोंकण कृषि विद्यापीठाच्या अधिकारांत चालतें. त्याच विद्यापीठाचें कर्जत येथील भात संशोधन केंद्र तर १९१९ सालापासूनचें आहे. म्हणजे भातावरील संशोधन ही आपल्या जिल्ह्यास नवी गोष्ट नाहीं. शंभराहून अधिक वर्षें तें येथें चालूं आहे.

नवा वाण तयार होतो तो कसा, हें विद्यार्थ्यांनीं समजून घेण्याजोगें आहे. भाताच्या एकाच फुलांत सहा पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, आणि फूल उमलतां उमलतांच स्वतःच्या परागानें फळतें. दोन वाणांचा संकर करावयाचा तर फूल उमलण्यापूर्वीं चिमट्यानें त्याचे सहाही पुंकेसर काढून टाकावे लागतात, लोंबीवर कागदाची पिशवी चढवावी लागते, आणि दुसऱ्या वाणाचा पराग वेळ साधून त्यावर झाडावा लागतो. फूल तांदळाच्या दाण्याएवढें. हात थोडा कांपला तरी सारें व्यर्थ. पहिल्या पिढींत सर्व रोपें सारखीं दिसतात. दुसऱ्या पिढींत मात्र आईबापांचे गुण नाना प्रकारें विखुरलेले आढळतात: कोणी उंच, कोणी ठेंगणें, कोणी मीठ सोसणारें, कोणी न सोसणारें. ग्रेगोर मेंडेल यांनीं ब्रनो येथील मठाच्या बागेंत वाटाण्यावर प्रयोग करून १८६६ सालीं जो आनुवंशाचा नियम प्रसिद्ध केला, तोच येथें लागू पडतो. त्या शेंकडों रोपांतून हवीं तेवढींच निवडून, पुढें सहा-सात पिढ्या तीं शुद्ध करून, मग निरनिराळ्या गांवच्या शेतांत त्यांची परीक्षा घेतात. एका वाणामागें दहा-बारा वर्षें सहज निघून जातात.

अलीकडे हें काम कांहींसें सुकर झालें आहे. बंगालच्या किनाऱ्यावरील 'नोना बोक्रा' या जुन्या भातांत, पानांकडे चढणारा सोडियम वाटेंतच रसांतून काढून घेणारें एक जनुक असल्याचें २००५ सालीं सिद्ध झालें. केरळच्या 'पोक्कळी' भाताच्या पहिल्या गुणसूत्रावरही असाच उपकारक भाग सांपडला असून त्यास 'साल्टोल' असें नांव आहे. आतां रोपाच्या पानाचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेंत तपासून, हा गुण त्यांत उतरला कीं नाहीं हें पीक येण्यापूर्वींच सांगतां येतें. परंतु वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. तें जनुक कोणी शास्त्रज्ञानें निर्माण केलें नाहीं. बंगाल व केरळ येथील अनाम शेतकऱ्यांनीं पिढ्यान् पिढ्या जें बीं कणगींत जपून ठेविलें, त्यांत तें होतें. तें बीं नाहींसें झालें असतें, तर शोधावयास कांहीं उरलेंच नसतें. फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनें लाखाहून अधिक वाणांचें बीं शीतगृहांत सांभाळलें आहे, तें याच कारणानें.

केवळ वाण पुरेसा नाहीं

चांगला वाण मिळाला म्हणजे सर्व कार्य झालें, असा समज मात्र होऊं नये. जमीन टिकली तर शेती टिकते. मातीचा कस राखण्यासाठीं ताग, धैंचा यांसारखीं हिरवळीचीं खतें गाडणें, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला शेतांत घालणें, भातानंतर उरल्या ओलीवर जेथें साधेल तेथें वाल घेणें, हे उपाय अल्प खर्चाचे व चिरकाल हिताचे आहेत. अलिबागचा पांढरा कांदाही भातानंतरच्याच हंगामांतील. त्याच्या माळांनीं कित्येक घरांच्या संसारास हातभार लागला आहे. बांधाबाहेरील तिवरें तोडल्यानें शेत वाढत नाहीं. उलट लाटांचा मारा सरळ बांधावर येतो. तिवरांचें रान हें बांधाचें कवच होय, व मासळीच्या पिलांचें पाळणाघरही होय.

ही काळजी आज अधिक निकडीची झाली आहे. १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर चढली, असें शास्त्रज्ञांचें मोजमाप आहे, आणि चढण्याचा वेग वाढत आहे. वीस सेंटिमीटर ही लहान गोष्ट वाटेल. परंतु उधाणाचें पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खालीं उभें असतें तेव्हां तीच वीत निर्णायक ठरते. शिवाय समुद्र चढला कीं उघाडीवाटे पाणी बाहेर जाण्यास मिळणारा वेळही कमी होतो. यापुढें खारेपाट राखावयाचा तर बांध कोठें उंचवावा, कोठें भात सोडून मत्स्यशेती करावी, कोणती जमीन तिवरांस परत द्यावी, हे प्रश्न मोजमाप करून सोडवावे लागतील. आणि हें मोजमाप करणारा माणूस येथील गांवें व खाड्या जाणणारा असेल तर कार्य अधिक चांगलें होईल.

या विद्येचा मार्ग

आतां पालकांच्या मूळ प्रश्नाकडे वळूं. शास्त्र शाखेंतून बारावी उत्तीर्ण झाल्यावर राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा देऊन कृषि पदवीच्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमास जातां येतें. महाराष्ट्रांत राहुरी, अकोला, परभणी व दापोली अशीं चार कृषि विद्यापीठें आहेत. पुढें दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, व त्यानंतर निदान तीन वर्षें संशोधन करून आचार्य पदवी, असा हा क्रम आहे. वनस्पतिशास्त्र घेऊन साध्या महाविद्यालयांतूनही याच ठिकाणीं पोंचतां येतें. स्पर्धा परीक्षेंत यश मिळविणाऱ्यांस शिष्यवृत्त्या मिळतात. विद्यापीठें, सरकारी संशोधन संस्था, बियाण्यांचे कारखाने, माती-पाण्याच्या प्रयोगशाळा, कृषि खातें व बँका येथें अशा पदवीधरांची गरज लागते.

मात्र आम्ही या मार्गाचें खोटें गोड चित्र काढूं इच्छीत नाहीं. जागा थोड्या असतात, वाट लांब असते, आणि तिशी जवळ येईपर्यंत शिक्षण संपत नाहीं. उन्हांत व चिखलांत काम करावें लागतें. वर्षाचा प्रयोग एका वादळांत वाहून जाऊं शकतो. ज्यास त्वरित पैसा व नांवलौकिक हवा, त्यानें हा मार्ग धरूं नये. परंतु ज्यास पानावरील डाग पाहून 'हें असें कां?' असें विचारल्यावांचून राहवत नाहीं, त्यास हा मार्ग कधीं कंटाळवाणा वाटणार नाहीं.

उदाहरणें हवीं असतील तर तींही आहेत. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८८४ सालीं आपल्याच कोंकणपट्टींत, मालवण येथें झाला. ते कलकत्ता विद्यापीठांत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. उच्च शिक्षणासाठीं जर्मनींत गेले असतां पहिल्या महायुद्धामुळें ते तेथें स्थानबद्ध झाले. तरीही अभ्यास पुरा करूनच परतले. १९४६ सालीं पुणें येथें महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, तिचे ते संस्थापक-संचालक. गहूं व सोयाबीन यांचे वाण देणारी ती संस्था १९९२ पासून त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. मुलींनीं या क्षेत्रांत काय करावें असें विचारणाऱ्यांनीं जानकी अम्मल यांचें चरित्र वाचावें. १८९७ सालीं केरळांतील तेल्लिचेरी येथें जन्मलेल्या या विदुषीनें कोइमतूर येथें उंसाच्या संकरावर मूलगामी संशोधन केलें. आणि केवळ पदवीनेंच संशोधक होतो असें समजणाऱ्यांनीं चंद्रपूर जिल्ह्यांतील नांदेड गांवचे दादाजी खोब्रागडे यांची आठवण ठेवावी. अल्पशिक्षित अशा या शेतकऱ्यानें १९८३ सालीं आपल्या शेतांत कांहीं निराळ्या लोंब्या पाहिल्या, त्यांचें बीं वेगळें राखिलें, वर्षानुवर्षें निवड केली, आणि 'एचएमटी' या नांवाचें सुप्रसिद्ध भात देशास दिलें. पाहणें, वेगळें काढणें, टिपून ठेवणें आणि धीर धरणें, हेंच तर संशोधन.

घरीं करून पाहण्याचा प्रयोग

शेवटीं विद्यार्थ्यांस एक प्रयोग सांगतों. चार सारखीं मडकीं किंवा डबे घ्यावे व त्यांत एकाच शेतांतील माती सारखी भरावी. प्रत्येकांत एकाच वाणाचें, मोड आलेलें भाताचें पंचवीस-पंचवीस दाणे बीं पेरावें. पहिल्यास गोडें पाणी द्यावें. दुसऱ्यास लिटरमागें ३ ग्रॅम, तिसऱ्यास ६ ग्रॅम व चौथ्यास ९ ग्रॅम मीठ विरघळविलेलें पाणी द्यावें. माती भिजेपर्यंत हें पाणी एकदांच द्यावें. पुढें पाणी उडून कमी होईल तेवढें गोड्या पाण्यानेंच भरून काढावें, नाहींतर मिठाचें प्रमाण वाढत जाईल. चारही मडकीं एकाच उजेडांत ठेवावीं. दररोज ठराविक वेळीं किती रोपें उभीं आहेत, उंची किती, पानाचा शेंडा वाळला कीं नाहीं, हें वहींत तारखेसह लिहावें. प्रयोग तीन आठवडे चालवावा. पहिल्या कांहीं दिवसांत फरक थोडा दिसेल. खरा फरक मागाहून दिसूं लागेल. उगवलें तें सारेंच तगत नाहीं, ही खारेपाटांतील भाताची मुख्य अडचण त्यावरून डोळ्यांसमोर येईल. आजोबांकडे किंवा शेजारीं राता भाताचें बीं मिळालें तर त्याचींही वेगळीं चार मडकीं करून दोहोंची तुलना करावी.

त्याच वहीच्या मागील पानावर आणखी एक काम करावें. आपल्या गांवांतील वृद्ध स्त्रीपुरुषांस विचारून, त्यांच्या तरुणपणीं खारींत कोणकोणतीं भातें होत, तीं केव्हां पेरीत, कोणत्या शेतांत टिकत, आणि आज कोणाच्या घरीं त्यांचें बीं शिल्लक आहे, हें लिहून ठेवावें. हें ज्ञान कोणत्याही पाठ्यपुस्तकांत नाहीं, आणि तें जाणणारीं माणसें दर वर्षीं कमी होत आहेत. पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलगा किंवा मुलगी ही वही घेऊन प्रश्न विचारावयास आली तर तिला परत पाठवूं नये. शेजारीं बसवून, आठवेल तें सर्व सावकाश सांगावें.